तिजोरीच्या दोन किल्ल्या



पर्युषण पर्व सरले, क्षमापना झाली. आता दिवाळीच्या जमाखर्चाचे दिवस जवळ येतील आणि आपल्या पेढ्यांवर निरनिराळ्या संस्थांची विनंतीपत्रके येऊ लागतील. कोठे वसतिगृहाची खोली बांधावयाची आहे, कोठे गुरुकुलाच्या भोजनालयास वर्षभराचे धान्य हवे आहे, तर कोठे सातपुड्यातील एखाद्या लहानशा शाळेस सतरंज्या, वह्या आणि सौरदिवे हवे आहेत. ज्ञानदानाच्या कामी आपला समाज हात आखडता घेत नाही. देणगी देताना आपण साधारणपणे चार प्रश्न विचारतो. एकूण खर्च किती, पावती कोणत्या नावाने मिळेल, ८०जी कलमाखाली सवलत आहे काय, आणि पाटी कोठे लागेल. व्यापारी माणसाने हे प्रश्न विचारावेतच. परंतु पाचवा प्रश्न आपल्या तोंडून सहसा निघत नाही. त्या इमारतीत रात्री जे मूल झोपणार आहे त्याची जबाबदारी कोणाची, आणि त्या जबाबदार व्यक्तीवर लक्ष कोणाचे?

या महिन्याचा लेख त्या पाचव्या प्रश्नासाठी आहे.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाजवळ, दुसरी अधिकाऱ्याजवळ. दोघेही हजर असल्यावाचून तिजोरी उघडत नाही. नोकरीत नव्याने आलेल्या मुलांना आरंभी हा आपल्यावरचा अविश्वास वाटे. मग एखाद्या सायंकाळी रोकड जुळत नसे, दोघे मिळून पुन्हा मोजीत, चूक सापडे, आणि त्यांच्या ध्यानात येई की दुसरी किल्ली ही प्रामाणिक माणसाचेही रक्षण करते. एकट्याच्या ताब्यात तिजोरी असती तर संशयही एकट्यावरच आला असता. आपल्या पैशाच्या बाबतीत हे तत्त्व आपण निमूटपणे मान्य करतो. मुलांच्या बाबतीत मात्र ‘गुरुजी देवमाणूस आहेत’ एवढ्या एका वाक्यावर संपूर्ण तिजोरी सोपवून मोकळे होतो.

नर्मदाकाठच्या जीवनशाळा

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्या वर्षी राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती, तर आपल्या जिल्ह्याची सुमारे ६४ टक्के. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरपाड्यांची स्थिती या सरासरीच्याही मागे होती. ज्यांच्या हातचे आमचूर, चारोळी आणि मोहफुले आपल्या धडगाव, तळोदा, शहादा येथील दुकानांतून पुढे जातात, त्या कुटुंबांची ही कथा आहे. त्यामुळे ती आपल्याला परकी नाही.

सरदार सरोवराच्या बुडितक्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे आली. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे गाव त्यांत सर्वांत आधी पाण्याच्या तोंडी सापडले. धरणाविषयी वाचकांची मते भिन्न असतील. गुजरातेत नातीगोती आणि व्यवहार असलेली आपली अनेक कुटुंबे आहेत आणि तेथे याच पाण्याचे मोल निराळे आहे. त्या वादात हा लेख शिरत नाही. मला सांगावयाचे आहे ते शाळांविषयी. त्या गावांत शासकीय दप्तरी शाळा होत्या. परंतु शिक्षक फिरकत नाहीत, इमारत असली तर कुलूपबंद असते, हा गावकऱ्यांचा अनुभव होता. तेव्हा नर्मदा बचाओ आंदोलनातील गावांनी १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे स्वतःच्या निवासी शाळा सुरू केल्या आणि त्यांना ‘जीवनशाळा’ असे नाव दिले. पुढे मणिबेलीसह इतर गावांतही अशा शाळा निघाल्या. ‘लढाई-पढाई साथ-साथ’ हे त्यांचे घोषवाक्य.

या शाळांची घडण पाहण्यासारखी आहे. कुडाच्या भिंती, गावाने दिलेले धान्य आणि लाकूड, त्याच परिसरातील शिकलेले तरुण शिक्षक म्हणून, आणि आरंभीचे शिक्षण पावरी व भिलोरी या मुलांच्या घरच्या बोलींतून. सोबत मराठी आणि राज्याचा प्राथमिक अभ्यासक्रम. त्यानंतर मुले बाहेरच्या मोठ्या शाळांत जात. पाणी चढले तशा काही शाळा बुडाल्या आणि वरच्या उतारावर पुन्हा उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. म्हणजे जवळजवळ तीन दशके या शाळा चढत्या पाण्याच्या काठावर चालल्या. अशा ठिकाणी सुरक्षितता हा चर्चेचा विषय राहत नाही, रोजच्या जगण्याचा भाग होतो. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवशी अक्राणी तालुक्यात नर्मदेच्या पात्रात बोट उलटून माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. ज्या भागात बोट हेच वाहन आहे, तेथे ‘बोटीत किती मुले बसली’ हे मोजणारा माणूस शाळेतल्या शिक्षकाइतकाच महत्त्वाचा ठरतो. आपल्या शास्त्रातील ईर्यासमिती म्हणजे पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे. तेथे ती पाण्यावर पाळावी लागते.

मला या शाळांच्या घडणीत तिजोरीची पहिली किल्ली दिसते. शाळा गावाच्या मधोमध आहे. आई-बाप हाकेच्या अंतरावर, फार तर एका डोंगराच्या पलीकडे आहेत. धान्य त्यांनीच दिलेले असल्यामुळे भाकरी पातळ झाली तर विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट भाषेची. सहा-सात वर्षांच्या मुलाला काही दुखले, कोणी मारले, कोणी नको तसा हात लावला, तर ते सांगण्यासाठी त्याला शब्द हवेत, आणि ते शब्द समजणारा मोठा माणूस समोर हवा. भिलोरी बोलणारे मूल आणि केवळ प्रमाण मराठी जाणणारा अधीक्षक यांच्यामध्ये कितीही सद्भावना असली तरी तक्रार वाटेतच अडते. मातृभाषेतील शिक्षणाचे गुणगान आपण अभ्यासाच्या अंगाने ऐकत आलो आहोत. मुलाच्या संरक्षणाचे ते साधन आहे, ही बाजूही तितकीच मोलाची आहे.

जवळची किल्ली पुरेशी नाही

येथे थांबलो तर मात्र चित्र अर्धे राहील. जवळीक रक्षण करते, तशीच ती तोंडही बंद करते. लहान गावात सर्वच एकमेकांचे सोयरे असतात. शिक्षक हा कोणाचा तरी भाचा, स्वयंपाकी कोणाचा तरी मेहुणा. त्याच्याविषयी तक्रार करणे म्हणजे नात्यात वितुष्ट. त्यात शाळा एखाद्या ध्येयासाठी उभी असेल, तर तक्रार करणारा ध्येयाचा शत्रू ठरतो. ‘बाहेर कळले तर विरोधकांना आयतेच कोलीत मिळेल’ हे वाक्य प्रत्येक चळवळीत, प्रत्येक धार्मिक संस्थेत आणि प्रत्येक समाजात कोणी ना कोणी उच्चारलेले असते.

म्हणून दुसरी किल्ली दूरच्या हातात असावी लागते. जवळच्याला दिसते, परंतु तो भिडेस्तव गप्प बसू शकतो. दूरच्याला भीड नसते, परंतु त्याला आपण होऊन दिसत नाही. दोघे मिळूनच तिजोरी नीट राखतात. शासकीय शाळेत ही दूरची किल्ली निदान कागदोपत्री तरी असते: केंद्रप्रमुख, शिक्षणाधिकारी, प्रकल्प कार्यालय. पर्यायी शाळा ही मुळातच त्या व्यवस्थेच्या बाहेर उभी राहते. निरीक्षक येत नाही याचा तिला मोकळेपणा वाटतो आणि तो योग्यही आहे. पण त्यामुळेच स्वतःचा निरीक्षक स्वतः नेमण्याची जबाबदारी तिच्यावर अधिक येते. शासकीय किल्लीही गंजू शकते, हेही खरे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा हजेरीपटावर असलेली कितीतरी मुले प्रत्यक्षात नव्हतीच. आणि २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अनुदानित आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांनी उभा महाराष्ट्र हादरला, तेव्हा ती शाळा शासनमान्यच होती.

पैशाच्या बाजूनेही हेच आहे. जीवनशाळांच्या कामाशी निगडित न्यासाच्या निधीविषयी २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील बडवानी येथे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. संबंधितांनी आरोप फेटाळले आणि आपले हिशेब लेखापरीक्षित असल्याचे सांगितले. खरे-खोटे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. आपल्यापुरता बोध इतकाच की, चांगल्या कामावर आरोप होणारच हे गृहीत धरून वहीखाते आधीपासून चोख ठेवावे. ज्याची वही उघडी असते त्याला उत्तर द्यायला जड जात नाही.

हा प्रश्न आपल्याही घरचा आहे

‘हे सारे आदिवासी भागापुरते आहे’ असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्या समाजातील काही कुटुंबे आज मुलांना रूढ शाळेतून काढून गुरुकुलात घालीत आहेत. अहमदाबादेतील साबरमती येथील हेमचंद्राचार्य संस्कृत पाठशाळेचे नाव वाचकांना ठाऊक असेल. काही पालक घरीच शिकवून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेला मुलांना बसवितात. उन्हाळ्यात धार्मिक शिबिरे होतात, विहारात मुले साधु-साध्वींसमवेत चालतात, पाठशाळेचे वर्ग रात्री उशिरापर्यंत चालतात. या सर्व ठिकाणी मुले आई-वडिलांपासून दूर, श्रद्धेच्या वातावरणात आणि बहुधा कोणत्याही लेखी नियमाविना असतात. श्रद्धेचे स्थान असल्यामुळे तेथे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. म्हणजे जीवनशाळेची जी अडचण, तीच आपलीही.

वास्तविक आपल्याजवळ नियमांची वाण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. व्रत घेतले एवढ्यावर आचार्य समाधान मानीत नाहीत. ते कोणकोणत्या मार्गांनी मलिन होते हेही मोजून सांगतात. हीच दुसरी किल्ली. अहिंसाव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात उच्चारतो, तेव्हा बहुधा गोठ्यातील जनावर डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्यावर अवलंबून असलेला प्रत्येक जीव त्यात येतो. मग वसतिगृहातील मूल का येऊ नये? एकेक अतिचार त्या दृष्टीने वाचून पाहावा.

पहिला बंध, म्हणजे बांधून वा कोंडून ठेवणे. रात्री मुले बाहेर जाऊ नयेत म्हणून वसतिगृहाला बाहेरून कुलूप घालण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. आग लागली, साप निघाला, कोणास उलटी झाली तर ती किल्ली कोणाजवळ? दुसरा वध, म्हणजे मारणे. ‘छडी लागे छमछम’च्या काळात वाढलेल्या आपल्या पिढीला त्याचे काही वाटत नसे, परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. तिसरा छेद, म्हणजे अंगाचा काही भाग कापणे. शिक्षा म्हणून मुलाचे केस भादरणे, त्याच्या बोलीची वा नावाची सर्वांसमक्ष टिंगल करणे, हाही माझ्या मते छेदच. तो शरीरावर दिसत नाही इतकेच. चौथा अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे. श्रमातून शिक्षण हा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेपासून आपल्याकडे रुजला आणि तो थोरच आहे. परंतु मुलाने स्वतःचे ताट घासणे निराळे आणि पन्नास जणांची भांडी घासून संस्थेचा एक पगार वाचवणे निराळे. पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे अन्नपाणी तोडणे. शिक्षा म्हणून जेवण न देणे हे उघडच त्यात येते. पण जेथे मुलींसाठी दाराला कडी असलेले शौचालय नाही, तेथे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. तो पाननिरोध कोणाच्या खात्यावर मांडावयाचा?

सत्यव्रताच्या अतिचारांतही तीन असे आहेत की, जणू संस्थाचालकांसाठीच सांगितले आहेत. रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याची खासगी गोष्ट उघड करणे. कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे. शेवटच्या दोहोंविषयी व्यापाऱ्याला अधिक सांगणे नलगे. खोटा हजेरीपट आणि अन्यत्र वळवलेली देणगी ही त्यांची आजची रूपे. पहिल्याविषयी मात्र दोन शब्द सांगितले पाहिजेत. देणगीसाठी आवाहन करताना अनाथ, गरीब, पीडित मुलांची छायाचित्रे नाव-गावासह भ्रमणध्वनीवरून घरोघरी फिरतात. हेतू निर्मळ असतो. पण ‘हिचे वडील दारूत गेले, आईने टाकली’ अशी ओळ ज्या मुलीच्या चेहऱ्याखाली शंभर घरांत पोहोचली, तिला उद्या ती ओळ पुसता येत नाही. शिवाय मूल कोठे राहते, त्याला कोण नाही, हे ज्याला कळू नये त्यालाही कळते. आपल्या कन्येचे छायाचित्र अशा ओळीसह फिरलेले आपणास चालेल काय, एवढा एकच निकष पुरेसा आहे.

‘आपसांत मिटवू’ हे वाक्य

आता सर्वांत अवघड भागाकडे वळतो. व्यापारी समाजाचा एक जुना आणि उपयुक्त संस्कार आहे. भांडण कचेरीत नेऊ नये, पंचांपुढे बसून मिटवावे. भागीदारीचा वाद, उधारीचा वाद, वाटणीचा वाद यांत या संस्काराने असंख्य घरे वाचविली आहेत. परंतु मुलाच्या छळाची गोष्ट पुढे येते तेव्हाही आपली पावले त्याच सवयीने पंचांकडे वळतात. संस्थेची अब्रू, समाजाची इभ्रत, मुलीचे पुढचे लग्न, एवढी सारी कारणे एकत्र येतात. आरोपी माणसाला गुपचूप नारळ दिला जातो, तो दुसऱ्या गावच्या दुसऱ्या संस्थेत रुजू होतो, आणि तेथील मुलांना आपण त्याच्या हवाली केलेले असते. मूल मात्र एवढेच शिकते की, सांगून काही होत नाही.

कायदा याबाबतीत निःसंदिग्ध आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ‘पोक्सो’ या नावाने ओळखला जाणारा २०१२ चा कायदा असे सांगतो की, अपराधाची माहिती ज्याला आहे त्याने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे. न कळविणे हाही अपराध आहे, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा असा अपराध दडवील तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यासही हाच कायदा मनाई करतो. म्हणजे मुलीचे नाव झाकण्याची काळजी कायद्यानेच घेतलेली आहे. त्यासाठी अपराध झाकण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेतील प्रकरण बाहेर आले तेव्हा लोकांचा संताप अपराध करणाऱ्यावर होता, तितकाच तक्रार ऐकण्यास झालेल्या दिरंगाईवरही होता, हे विश्वस्त म्हणविणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

येथे एक आदर्श आपल्याच परंपरेतला आहे. कुंभोज येथे जैन कुटुंबात वाढलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. त्या काळात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत, हे कित्येकांना खपत नव्हते. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. परंतु मला त्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. संस्थापकाचे स्वतःचे घर आणि मुलांचे वसतिगृह यांत अंतर नव्हते. मुलांना आजारी पडल्यावर हाक मारायला एक आई होती. इमारत आणि पाटी यांच्या पलीकडे मुलांना लागते ते हे.

आपल्या गावचेच दुसरे उदाहरण सांगतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर गोळीबारात पडलेला शिरीषकुमार मेहता व्यापारी घरातला मुलगा होता. वय अवघे पंधरा. त्याचे आणि त्याच्या चार साथीदारांचे हौतात्म्य आपणांस सदैव वंदनीय आहे. मात्र मुलाने आपल्या अंतःप्रेरणेने केलेला त्याग आणि मोठ्यांनी आपल्या कार्यासाठी मुलाला पुढे करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. चळवळीची शाळा असो, धर्माची असो वा समाजाची, तेथील मूल हे कार्याचे साधन नव्हे. मोर्चाच्या पहिल्या रांगेत, देणगीच्या पत्रकावर किंवा सत्कार समारंभात पाहुण्यांच्या स्वागतासाठी तासन्‌तास उन्हात, कोठेही त्याला आपल्या सोयीने उभे करू नये.

विश्वस्तांच्या बैठकीसाठी

वाचकांपैकी अनेक जण कोठल्या ना कोठल्या संस्थेचे विश्वस्त आहेत, आणि उरलेले देणगीदार. पुढील बैठकीत वा पुढील धनादेशावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात, अशी विनंती आहे.

कर्मचारी नेमताना त्याच्या आधीच्या संस्थेत प्रत्यक्ष चौकशी केली होती काय, केवळ शिफारसपत्रावर भागविले काय? मुलांच्या झोपण्याच्या जागी रात्री एकटा प्रौढ जातो, की नेहमी दोघे? पाहुणे, देणगीदार आणि आपण स्वतः विश्वस्तही यांना मुलांसोबत एकटे राहण्याची मुभा आहे काय? ती कोणालाच नसावी. पालकांची समिती आहे काय, ती वर्षातून किती वेळा जमते, आणि तिचे इतिवृत्त मुलांच्या पालकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखविले जाते काय? शासनाने २०२२ मध्ये शाळाशाळांतून ‘सखी सावित्री समिती’ नेमण्यास सांगितले आहे. ती फलकावरच आहे की कधी बसतेही? देणगीदाराला मुलाला पत्र लिहावयाचे असेल तर ते शिक्षक व पालक यांच्यामार्फत जाते, की परस्पर?

तक्रारीची वाट हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा. बालकांसाठी १०९८ ही निःशुल्क मदतवाहिनी आहे आणि तो क्रमांक भिंतीवर रंगविणे सोपे आहे. परंतु धडगावच्या डोंगरात ज्या पाड्यावर भ्रमणध्वनीला संकेतच मिळत नाही, किंवा ज्या वसतिगृहात एकमेव फोन अधीक्षकाच्या खिशात आहे, तेथे त्या आकड्यांचा मुलाला काय उपयोग? म्हणून महिन्यातून एकदा तरी संस्थेबाहेरची एखादी विश्वासू व्यक्ती, मुलांची बोली जाणणारी, शक्यतो स्त्री, अधीक्षकाच्या अनुपस्थितीत मुलांशी बोलावी. ती कोण असेल हे संस्थेने नव्हे, पालकांनी ठरवावे. बँकेत तपासनीस न कळवता येई आणि आल्यावर प्रथम तिजोरी मोजे, मग चहा घेई. आपल्या भेटी मात्र कळवून होतात, हारतुरे होतात, मुले गाणे म्हणतात आणि आपण परततो. यंदा एखादी भेट न कळवता द्यावी. स्वयंपाकघर पाहावे, शौचालयाची कडी लावून पाहावी, रात्रीची किल्ली कोणाजवळ असते हे विचारावे.

काही चांगल्या संस्था या प्रश्नांनी दुखावतील, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. माझा अनुभव उलट आहे. ज्या शाखेचा रोखपाल नीट काम करी, तो तपासनिसाला पाहून आनंदित होई, कारण त्याच्या चोखपणाची लेखी नोंद होणार असे. खरोखर सेवाभावाने काम करणारे गुरुजी आणि बाई या प्रश्नांचे स्वागतच करतील. आजवर त्यांना कोणी ते विचारलेच नव्हते. आणि जेथे प्रश्न विचारताच कपाळावर आठी पडते, तेथे धनादेशावरची सही थोडी लांबणीवर टाकण्यास हरकत नाही.

या कामाला खर्च येतो, हेही मान्य करावे. स्त्री अधीक्षिकेचे वेतन, दोन माणसांची रात्रपाळी, शौचालयाची दुरुस्ती, बोटीतील प्रत्येक मुलासाठी तरंगते जाकीट. यांपैकी कशावरही नावाची पाटी लावता येत नाही. म्हणूनच बहुतेक संस्थांपाशी खोल्या असतात आणि या गोष्टी नसतात. येत्या दिवाळीत आपल्यापैकी दहा कुटुंबांनी जरी आपली देणगी अशा पाटी नसलेल्या खर्चाला दिली आणि तसे पावतीवर लिहून घेतले, तर आपल्या जिल्ह्यातील कित्येक मुलांच्या रात्री निर्धास्त होतील. दानाची नोंद कोठे राहील, याची चिंता आपण करू नये. आपल्या शास्त्रानुसार ती ज्या वहीत राहते, तिच्यात खाडाखोड होत नाही.

जय जिनेंद्र.